लहानपणी टेक्कन ३ या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये एडी नावाचं कॅरेक्टर घेऊन गल्लीत सगळ्यांना हरवायचो, आता टेक्कन ८ मध्ये २३ पैकी १ मॅच जिंकलो. एवढ्या जुन्या गेममध्ये नव्याने शिरण्यात अर्थ आहे का, की रिफंड घेऊ? वयही झालंय, आणि खेळायचंच तर कॅरेक्टर कोणता घेऊ?

रिफंडचं आधी सांगते. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, घेतला असेल तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तरच सरळ पैसे परत मिळतात. २३ मॅच, त्यात मेनूत भटकणं, कॅरेक्टरचे कपडे बदलत बसणं वगैरे धरलं तर दोन तास कधीच उलटून गेले असणार. म्हणजे तो विषय संपला. आता गेम गळ्यात पडलाच आहे तर खेळा.

तुम्ही लिहिलंय की एडी घेऊन सगळ्या गल्लीला लोळवायचात. अहो, एडी घेऊन आम्ही सगळेच लोळवायचो. नुसत्या लाथांची दोन बटणं बडवत राहिलं की तो हातावर उलटा होऊन चक्रासारखा फिरायचा आणि समोरच्याला काही सुचायचंच नाही, कारण समोरचाही आपल्यासारखाच नववीतला. आपण चांगले खेळायचो असं नाही, आपल्या गल्लीत कोणालाच खेळता येत नव्हतं. हे पचायला मला स्वतःला दोन महिने लागले, म्हणून तुम्हाला एका वाक्यात सांगून टाकतेय.

मी मूळची सोलापूरची, आता पुण्यात, वय ३५. आमच्याकडे दादाने हट्ट करून सेकंडहँड प्लेस्टेशन आणलं होतं, डुप्लिकेट सीडीवर टेक्कन ३, आणि दादा कायम किंग घ्यायचा, तो वाघाचं डोकं घातलेला पैलवान (खरं तर जॅग्वार आहे पण आम्ही वाघच म्हणायचो). तो मला पकडायचा, पाय धरून गरगर गरगर फिरवायचा आणि लांब फेकून द्यायचा. जायंट स्विंग. दर राउंडला तेच. मी रडकुंडीला यायचे, आईकडे जायचे, आई म्हणायची "दुसरं काहीतरी खेळा". सगळी उन्हाळ्याची सुट्टी मी अशी हवेत फिरण्यात घालवली आणि माझी पक्की समजूत झाली की त्या पकडीला उपायच नाही.

मग २०२४ च्या जानेवारीत टेक्कन ८ आला, नवऱ्याने पीसी घेतलेलाच होता, मुलगी झोपल्यावर पाऊण तास मिळतो त्यात काहीतरी करू म्हणून मी घेतला. ऑनलाइन गेले, सहाव्या का सातव्या मॅचला समोर किंग. आणि परत तेच! पाय धरले, गरगर, फेकलं. वीस-बावीस वर्षांनी तीच पकड, तसंच फेकणं, मी अक्षरशः हसले आणि मग मला रागही आला.

त्या रात्री मी पहिल्यांदा हरल्यावर लगेच पुढची मॅच लावली नाही. टेक्कन ८ मध्ये आपल्या मॅचचं रिप्ले बघता येतं आणि मधेच कुठेही थांबवून आपण कंट्रोल हातात घेऊ शकतो, म्हणजे तोच क्षण परत खेळून बघायचा, शिवाय इथे काय करता आलं असतं याच्या टिपाही गेम स्वतःच दाखवतो. त्यात कळलं की किंगने हात पुढे केल्यावर वेळेत डावा पंच दाबला की जायंट स्विंग सुटते. एक बटण. आणि उभ्याने धरायच्या असल्या पकडी सगळ्या हाय असतात, म्हणजे नुसतं खाली बसलं तरी त्याचे हात डोक्यावरून हवेत जातात आणि तो तसाच बावळटासारखा उभा असताना आपण उठता उठता त्याला मारू शकतो. टेक्कन ३ मध्येसुद्धा पकडी सोडवता यायच्या! मी रात्री पावणेबाराला दादाला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, "मला माहीत होतं." बघा म्हणजे.

हे एवढं पाल्हाळ लावायचं कारण असं की तुमचा प्रॉब्लेम हरणं हा नाहीये. हरणार तर आहातच, अजून दोन-तीनशे मॅच हराल. पहिले दोन महिने मला कोणी विचारलं असतं की कशाने मेलीस, तर मला सांगताच आलं नसतं. "त्याने काहीतरी केलं आणि मी उडाले" एवढंच. ज्या दिवशी "किंगने पकडलं आणि मी बटण दाबलं नाही" असं सांगता आलं, त्या दिवशी हरूनसुद्धा झोप चांगली लागली.

जुना गेम म्हणून तुम्हाला जी भीती वाटते ती खोटी नाही. पहिला टेक्कन १९९४ चा, आणि यांच्यात एक खोड आहे की नवीन भाग आला तरी जुन्या चाली सहसा टाकून देत नाहीत, वर नवीन घालत जातात. पॉल नावाच्या कॅरेक्टरचा तो पाव वर्तुळ फिरवून मारायचा डेथ फिस्ट पहिल्यापासून आहे. सगळ्यांना नीट बाजूला सरकता यायला लागलं ते टेक्कन ३ पासून, तेही तसंच चालू. टेक्कन ८ निघाला तेव्हाच ३२ कॅरेक्टर होते, प्रत्येकाच्या शंभराच्या आसपास चाली, म्हणजे जो माणूस २५ वर्षं खेळतोय त्याच्यासाठी हा नवा गेम नाहीच, ओळखीच्या वाड्याला नवा रंग दिलाय एवढंच, आणि आपण दारात चपला कुठे काढायच्या ते विचारतोय. पण सगळा वाडा पाठ करायला कोणी सांगितलंय? तुमच्या रँकला जी माणसं भेटतात त्यातल्या बहुतेकांना स्वतःच्या कॅरेक्टरच्या सात-आठ चाली येतात, तेवढ्याच ते परत परत करतात. तुम्हाला त्या सात-आठ ओळखायच्या आहेत.

आता खरी गंमत. टेक्कनमध्ये हात सोडून नुसतं उभं राहिलं तरी तुमचा माणूस आपोआप ब्लॉक करतो. हाय आणि मिड, म्हणजे डोक्यावरचे आणि पोटावरचे, दोन्ही वार. खोटं वाटत असेल तर प्रॅक्टिसमध्ये करून बघा. आपण नवखे मार खातो कारण घाबरून बटणं दाबतो, बटण दाबलं की ब्लॉक सुटतो आणि त्याची दुसरी लाथ आपल्या उघड्या तोंडावर. हा गेम सेकंदाला ६० फ्रेमनी चालतो, सगळ्यात जलद पंच १० फ्रेमचा म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सा, तो बघून अडवणं कोणाच्या बापाला जमत नाही, जगातल्या पहिल्या नंबरवाल्यालाही नाही. जगज्जेतेसुद्धा तो पंच "बघत" नाहीत, ते आधीपासून ब्लॉक धरून उभे असतात. उलट ब्रायन या कॅरेक्टरची स्नेक एज, ती खालून पाय झाडणारी लाथ, जवळपास अर्धा सेकंद घेते, ती बघून खाली बसता येतं आणि ब्लॉक झाली की त्याला हवेत उडवता येतं. मग मी तेवढंच ठरवलं. आठवडाभर जिंकायचं नाही, मॅचमध्ये फक्त उभं राहायचं आणि बघायचं की समोरचा थांबतो कधी. माणूस कधी ना कधी थांबतोच हो, ह्वोरांगसुद्धा थांबतो, मला वाटायचं त्याच्या लाथा संपतच नाहीत. तो थांबला की एक साधा पंच. बस.

त्या आठवड्यात मी आधीपेक्षा जास्त मॅच जिंकले, हे मला अजूनही थोडं अपमानास्पद वाटतं.

वही ठेवा. हसू नका. माझी वाण्याच्या यादीचीच वही आहे, पुढून तूरडाळ आणि साबण, मागून टेक्कन. "ह्वोरांग एका पायावर उभा राहिला की अजून येणार आहे, दाबायचं नाही." "लॉ उलटी उडी मारून लाथ मारतो, ब्लॉक झाली की लगेच मारायचं, विचार करायचा नाही." एका हरलेल्या मॅचला एकच ओळ, दोन नाही, दोन लिहिल्या की एकही लक्षात राहत नाही. मुलीने एकदा त्यावर फुलं काढून ठेवलीत, तरी चालतंय.

कॅरेक्टर कोणता घेऊ असं तुम्ही शेवटी विचारलंय. जो बघून मजा येते तो, पण एकच. मी क्लॉडिओ घेते, इटलीचा आहे, भुतंखेतं घालवतो, थोडक्यात सुटाबुटातला देवऋषी. त्याच्या काही चाली लागल्या की उजव्या हाताला निळा उजेड येतो आणि मग त्याच्या पुढच्या काही चाली जास्त जोरात लागतात, मला ते आवडलं म्हणून घेतला, बाकी काही शास्त्र नाही. त्याच्या १०-११ चालींवर मी वर्ष काढलंय. एक जलद पंच, एक मिड, एक लो म्हणजे पायावरची, उडी मारून लाथ म्हणजे हॉपकिक, समोरच्याला हवेत उडवणारी एक, आणि त्यावरचा एकच कॉम्बो, म्हणजे एकामागून एक जोडलेले वार, तोही छोटा. इंटरनेटवर ७० डॅमेजचे लांबलचक कॉम्बो दाखवतात ते शिकत बसू नका, मी तीन आठवडे त्यात घालवले आणि मॅचमध्ये उत्साहाच्या भरात तिसऱ्याच बटणाला चुकायचे. छोटा कॉम्बो दहापैकी नऊ वेळा लागला तर तुम्ही पुढे.

एडीच घ्यायचा हट्ट असेल तर टेक्कन ८ मध्ये तो वेगळा विकत घ्यावा लागतो. आणि आता त्याला बडवून चालत नाही, ब्लॉक करणारी माणसं आहेत समोर. पण घ्या हवा तर, जुनं प्रेम आहे.

हीट, म्हणजे थोडा वेळ कॅरेक्टरचा जोर वाढवणारी ताकद, विसरू नका, नवखे सगळे विसरतात. प्रत्येक राउंडला एकदाच मिळते, साधारण १० सेकंद टिकते आणि वापरली नाही तर वाया जाते, पुढच्या राउंडला जमा होत नाही. उजवा पंच आणि डावी लाथ एकदम. काहीच सुचत नसेल तर तरी दाबा.

नेटचं म्हणाल तर वायफायवर खेळू नका, केबल लावा. मॅच स्वीकारण्याआधी समोरचा वायफायवर आहे का केबलवर ते दिसतं, कनेक्शन खराब दिसलं तर सरळ नाही म्हणा, त्यात कसला आलाय माज. तिथेच त्याचा प्रोवेस म्हणून एक आकडा असतो तोही बघून ठेवा, आकडा तुमच्यापेक्षा फार मोठा असेल तर तो जुना खेळाडू आहे, हरलात तरी मनाला लावून घेऊ नका. आणि कंट्रोलर साधा चालतो, ती मोठी आर्केड स्टिक घ्यायची काही गरज नाही. नवरा म्हणाला होता स्टिक घेऊ का वाढदिवसाला, मी म्हटलं आधी खाली बसायला तर शिकू दे.

वयाचं काय घेऊन बसलात. स्ट्रीट फायटर या दुसऱ्या मारामारीच्या गेमचा खेळाडू दाइगो उमेहारा १९८१ चा आहे आणि स्ट्रीट फायटर ६ सुद्धा स्पर्धेत खेळतो. आणि "उशीर झाला, सगळं कोरिया-जपानवाल्यांनी आधीच काबीज केलंय" असं वाटत असेल तर लाहोरचा अर्सलान अ‍ॅश बघा. टेक्कनचं जग कोरिया आणि जपानभोवती फिरत होतं, पाकिस्तानात टेक्कन खेळतात हे बाहेर फारसं कोणाला माहीत नव्हतं, आणि २०१९ मध्ये या माणसाने फुकुओकाला इव्हो जपान ही मारामारीच्या गेमची मोठी स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी लास वेगासची इव्हो पण. फुकुओकाला पोचेपर्यंतच व्हिसा आणि विमानांच्या भानगडीत त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. त्यानंतर नी नावाचा कोरियाचा दिग्गज स्वतः पाकिस्तानात जाऊन तिथल्या पोरांशी खेळून आला, की बाबा तुम्ही करता काय. अर्थात अर्सलान नवखा नव्हता, तो आर्केडमध्येच वाढला, त्यामुळे तुमची-आमची तुलना नको. मी एवढंच म्हणतेय की पंचवीस वर्षं जुन्या गेममध्येसुद्धा सगळ्यांना सगळं माहीत होतं असं नव्हतं.

गेल्या दिवाळीला दादा आला होता. फराळ झाल्यावर म्हणाला, लाव. त्याने अर्थातच किंग घेतला, आणि पहिल्याच राउंडला हात पुढे करून आला, मी बसले, त्याचे हात डोक्यावरून गेले, मी उठताना हाणला. तो म्हणाला चुकून झालं. परत आला, परत बसले. तिसऱ्यांदा त्याला वाटलं मी बसणारच म्हणून त्याने पकडलं नाही, उभ्यानेच मिड लाथ मारली आणि मी बसलेली असल्यामुळे ती बरोब्बर लागली. म्हणजे याला पण डोकं आहे! तो राउंड तो जिंकला, मॅच मी जिंकले, मग त्याने कंट्रोलर बदलून मागितला, बटणं घट्ट आहेत म्हणाला.

सध्या माझी रँक सांगण्यासारखी नाही, विचारू नका. शनिवारी रात्री साडेदहानंतर मी असते. समोर क्लॉडिओ आला, उजव्या हाताला निळा उजेड आहे आणि तरीसुद्धा तो काही न करता नुसता ब्लॉक धरून उभा आहे असं दिसलं तर ती बहुतेक मीच असेन.