नवी पाती बसवली, तरी काचेवर रेघा का उमटतात?

प्रश्न : आमची गाडी पाच वर्षांची आहे. जूनच्या पहिल्या पावसात समोरच्या काचेवर बारीक रेघा उमटू लागल्या, म्हणून वायपरची दोन्ही पाती नवी आणून बसवली. चार दिवस काच स्वच्छ पुसली गेली आणि आता पुन्हा चालकाच्या नेमक्या डोळ्यांसमोर रेघांचा पट्टा येतो. शिवाय वायपर जाताना नीट जातो, पण परत येताना थरथरतो आणि कर्रकर्र आवाज करतो. गॅरेजवाले आर्म (पाते धरणारा दांडा) बदलायला सांगतात, दुकानदार महागाची पाती घ्या म्हणतो. नेमके काय करावे? (एक वाचक, परभणी)

उत्तर : नवी पाती चार दिवस नीट चालली, हा आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी तपशील आहे. रबर मुळात सदोष असते, तर रेघा पहिल्या दिवशीच दिसल्या असत्या. चार दिवस चांगले चालून मग बिघडले, याचा अर्थ काचेवर आधीपासून असलेला थर हळूहळू रबराच्या धारेला चिकटला आणि नवे पातेही जुन्यासारखे वागू लागले. तेव्हा आणखी महागाचे पाते घेऊन त्याच काचेवर फिरवल्यास तेही काही दिवसांत याच वळणावर येईल. परतताना होणारी थरथर हा मात्र वेगळा दोष आहे आणि त्याचे मूळ बहुधा आर्ममध्ये असावे. म्हणजे गॅरेजवाल्यांचा संशय चुकीचा नाही, त्यांनी सुचवलेला खर्च मात्र अनावश्यक असू शकतो.

आधी काचेचे पाहू, कारण आपल्या भागात बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो आणि बहुतेक वेळा तिच्याकडेच कोणी पाहत नाही. मराठवाड्यात परतीचा पाऊस सरला की पुढच्या जूनपर्यंत वायपरला जवळजवळ काम नसते. त्या सात-आठ महिन्यांत गाडी धुतली जाते ती बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने, आणि बेसाल्ट खडकातून येणाऱ्या आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. उन्हात तापलेल्या काचेवर हे पाणी मारले आणि पुसण्याआधी वाळू दिले, की पाणी उडून जाते व क्षार तिथेच राहतात. त्यावर डिझेलच्या धुराची काजळी, रस्त्यावरचे तेल आणि धुलाई केंद्रात चमक येण्यासाठी फवारलेल्या पॉलिशचा सिलिकॉन बसतो. असा थर डोळ्यांना दिसत नाही, पण पाऊस पडला की पाणी काचेवर सारखे न पसरता तुकड्यातुकड्यांनी थांबते आणि रबराला ते ओढून नेता येत नाही.

हे तपासण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. गाडी सावलीत लावून काचेवर तांब्याभर स्वच्छ पाणी सोडावे. पाणी एकसंध पडद्यासारखे खाली सरकले, तर काच स्वच्छ आहे. ते फाटून मध्ये कोरडे चट्टे दिसू लागले, तर तेलकट थर आहे. (काचेवर पाणी न थांबू देणारे लेपन मुद्दाम करून घेतले असेल, तर मात्र थेंब सुटे राहणारच, तेथे ही परीक्षा लागू पडत नाही.) त्यानंतर काच धुऊन वाळवावी, हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालावी आणि बोटांची टोके काचेवर हलकेच फिरवावीत. उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारी काच पिशवीतून बारीक वाळू लागल्यासारखी खरखरीत लागली, तर ते क्षारांचे डाग समजावेत.

साफसफाईचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम गाडीच्या शाम्पूने धूळ आणि तेलकटपणा काढावा, कारण धुळीसकट घासल्यास काचेवर ओरखडे पडतात. मग पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात भिजवलेले सुती फडके काचेवर दहा मिनिटे पसरून ठेवावे, म्हणजे क्षार सुटतात. ते रंगावर ओघळू देऊ नये आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. हे शेवटचे धुणे पुन्हा बोअरच्याच पाण्याने केले, तर काच लगेच कोरडी पुसून घ्यावी. नाहीतर जे काढले तेच परत बसते. एवढे करूनही खरखर उरली, तर सेरियम ऑक्साइडचे काचेचे पॉलिश हाताने लावता येते. भांड्यांची पावडर, तारेची घासणी किंवा पॉलिश पेपर यांपैकी काहीही काचेला लावू नये.

आता रबर. पाते उचलून धरले असता त्याच्या टोकाला जेमतेम एक मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीची जी पट्टी दिसते, सारे काम तिच्या काठाने होते. वायपर एका दिशेने जाताना ही पट्टी मागे कलते आणि दिशा बदलताच दुसऱ्या बाजूला उलटते. ओली काच पुसणे म्हणजे हे उलटणे प्रत्येक फेरीत बिनबोभाट घडणे होय. ओले पांढरे फडके या काठावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढावे. पहिल्या वेळी काळी रेघ येईल. फडक्याची जागा बदलत राहून ती फिकी पडेपर्यंत पुसावे. आपली पाती नवीच असल्याने एवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल. पुसल्यानंतर काठावर कोठे चीर, खाच किंवा टोकाकडे सुटलेला भाग आहे का, ते बोटाने चाचपावे. काचेवर एकच बारीक रेघ नेहमी त्याच जागी येत असेल, तर त्याच अंतरावर रबराला खाच किंवा चिकटलेला खडा सापडतो. रुंद पट्टा पुसायचाच राहत असेल, तर तेथे पाते काचेला टेकत नाही असे समजावे.

परतीची थरथर आर्ममधून येते ती अशी. आर्मच्या टोकाचा चपटा भाग काचेला समांतर असला, तर रबर काचेवर काटकोनात उभे राहते आणि दोन्हीकडे सारखेच कलते. धुलाईच्या वेळी आर्म ओढला गेला किंवा काच पुसताना त्यावर जोर पडला, की तो किंचित पिळतो, रबर आधीच एका बाजूला झुकते आणि परतीच्या वाटेवर उलटण्याऐवजी काचेवर टोचत, उड्या मारत येते. पाते काढून आर्मचे टोक काचेवर अलगद टेकवून पाहिल्यास हा पीळ नजरेला कळतो. काचेवर जाड टॉवेल घडी करून ठेवल्याशिवाय मात्र पाते काढू नये, कारण आर्मला जोरदार स्प्रिंग असते आणि पाते नसलेला आर्म नुसता हातातून निसटला, तरी समोरची काच तडकू शकते. पीळ थोडा असेल, तर अनुभवी मेकॅनिक दोन पान्यांनी आर्म धरून तो सरळ करून देतो, त्यासाठी नवा आर्म लागत नाही. स्प्रिंग सैल झाली असेल किंवा सांध्यात गंज धरून आर्म काचेवर दाबच देत नसेल, तेव्हाच तो बदलावा.

दुकानदाराच्या सल्ल्याबद्दल माझे मत असे, की योग्य लांबीचे आणि योग्य पकडीचे साधे पाते स्वच्छ काचेवर उत्तम काम करते. लांबी इंचांत मोजतात आणि बहुतेक गाड्यांत चालकाकडचे पाते शेजारच्या पात्यापेक्षा लांब असते; दोन्हीकडे एकाच मापाची पाती विकत दिली गेली नाहीत ना, हे एकदा मोजून पाहावे.

प्रश्न : आमच्या गाडीच्या काचेवर दिवसा रेघा दिसत नाहीत, परंतु रात्री नांदेडहून लातूरला येताना समोरच्या गाडीचा दिवा पडला की संपूर्ण काच पांढरी होते. वायपर चालवले तरी उपयोग होत नाही. (एक वाचक, लातूर)

उत्तर : वायपर चालवूनही फरक पडत नाही, म्हणजे दोष काचेच्या बाहेरच्या बाजूला नसण्याची शक्यता मोठी आहे. उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून आणि त्यावर चोळलेल्या पॉलिशमधून निघणारी वाफ काचेच्या आतल्या बाजूला धूसर तेलकट पापुद्रा धरते. आपल्याकडचा एप्रिल-मे पाहता हा पापुद्रा लवकर जमतो आणि पावसाळ्यात त्याच्यावर ओलावा धरला की काच अधिक धुरकट होते. आतून काच स्वच्छ मायक्रोफायबर फडक्याने, काचेच्या क्लीनरने, आधी आडवी व मग उभी पुसावी. म्हणजे उरलेली रेघ कोणत्या फेरीतली आहे, ते कळते.

आतून पुसूनही दिवा फाकत असेल, तर रात्री टॉर्च काचेवर तिरकी धरून बाहेरून पाहावे. वायपरच्या फिरण्याच्या मार्गाने कमानीसारखे बारीक ओरखडे दिसले, तर ते कोरड्या धुळीवर वायपर चालवल्याचे आहेत. खडी क्रशरच्या किंवा कच्च्या रस्त्याच्या धुळीत काच आंधळी झाली, की वायपरची कळ दाबण्याचा मोह होतो आणि तेच या ओरखड्यांचे मूळ ठरते. आधी वॉशरचे पाणी सोडावे, मगच वायपर फिरवावा. ओरखड्यात नख अडकत नसेल, तर पॉलिशने तो सौम्य होतो. नख अडकत असेल, तर पॉलिशच्या नादी लागू नये, कारण एकाच जागी काच घासली की तेथे खोलगटपणा येतो आणि रस्ता वेडावाकडा दिसतो. असा ओरखडा चालकाच्या नजरेसमोर असेल, तर काच बदलणे हाच मार्ग उरतो.

प्रश्न : मी अंबडहून मोसंबीची पिकअप चालवतो. आमचे जुने ड्रायव्हर पावसात काचेवर तंबाखू चोळतात, काही जण बटाटा कापून फिरवतात, आणि वायपरच्या रबराला रॉकेल लावतात. याने खरोखर फरक पडतो का? (एक चालक, जालना जिल्हा)

उत्तर : पहिल्या दोन उपायांत काही तथ्य आहे. तंबाखूचा किंवा बटाट्याचा रस काचेवर पसरला, की पाण्याचे थेंब न बनता त्याचा पातळ थर होतो आणि वायपर बंद पडला असताना तेवढ्यावर गाडी हळू चालवत गावापर्यंत आणता येते. मात्र हा उपाय काही वेळापुरता आहे. पावसाने रस धुतला की थेंब परत येतात आणि वाळल्यावर उरलेला चिकटा पुढच्या पावसात रेघा काढतो. अडचणीच्या वेळी वापरला, तर दुसऱ्या दिवशी काच शाम्पूने धुवावी.

रॉकेल मात्र बिलकूल लावू नये. रॉकेल, डिझेल आणि पेट्रोल यांनी नैसर्गिक रबर फुगते. एक-दोन दिवस ते मऊ झाल्यासारखे वाटते, म्हणून उपाय लागू पडला असा समज होतो, पण काठाची धार गोलसर होऊन रबर कायमचे निकामी होते. रबराला सिलिकॉनचा स्प्रे मारल्यास तोच सिलिकॉन काचेवर उतरून धूसरपणा वाढवतो.

पिकअपच्या जुन्या पद्धतीच्या पात्यात लोखंडी सांगाडा चांगला असेल, तर नुसते रबर बदलून घेता येते आणि ते पूर्ण पात्यापेक्षा बरेच स्वस्त पडते. सांगाड्याचे सांधे हाताने हलवून पाहावेत, ते अडकत असतील तर नवे रबरही काचेच्या वळणावर बसणार नाही. आपल्या उन्हात रबर साधारण वर्षभरात कडक होते, त्यामुळे ते मेच्या अखेरीस बदलावे, पहिल्या पावसाच्या दिवशी दुकानात गर्दी असते आणि मापाचे मिळेलच असे नाही. गाडी उन्हात उभी करताना आर्म उचलून ठेवण्याची काही चालकांची सवय रबरासाठी चांगली आहे, परंतु ज्या गाड्यांत वायपर बॉनेटच्या काठाखाली दडलेले असतात, तेथे ते ओढून उचलल्यास बॉनेटचा रंग खरवडतो. वॉशरच्या टाकीत बोअरचे पाणी भरल्यास नोझलची छिद्रे क्षारांनी बुजतात. त्याऐवजी आरओचे किंवा बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी भरावे, आणि छिद्र बुजलेच असेल तर ते बारीक सुईने मोकळे करावे.