आधी नाव, मग निकाल

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला झोप लागली नाही. "मावशी, आजोबांचे अकरा चष्मे निघालेत. त्यांचं काय करू?" एवढं विचारून तू गप्प झालास. माळ्यावरच्या ट्रंका, दोन फडताळं, कोठीच्या खोलीतले हंडे उपसताना तू कुठेही अडला नव्हतास, चष्म्यांपाशी अडलास. मला फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

महिनाअखेर वाडा बिल्डरच्या ताब्यात द्यायचा आहे. आत्या म्हणते कशाला हात लावू नकोस, आणि ताई कॅनडातून सांगते टेम्पो बोलाव आणि मोकळा हो. तू मध्ये, धुळीनं शिंकतोयस. कुठल्याशा व्हिडिओत बघून तू ओसरीवर तीन ढीग मांडलेस: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. त्या ढिगांवरून मी तुझ्यावर चिडले, आणि अजून माझा राग गेलेला नाही. ठेवायचं की टाकायचं हा दुसरा प्रश्न झाला. ‘हे कुणाचं?’ हा पहिला. तो तू कुणाला विचारलास? 87 वर्षांची आजी आतल्या खोलीत बसली आहे आणि तिला धूळ लागू नये म्हणून तू दार लोटून घेतलं आहेस. ते दार आधी उघड.

माझं म्हणणं एवढंच आहे, आधी नाव, मग निकाल. वस्तू विक, वाट, मोडीत घाल, माझी काही हरकत नाही. पण ती कुणाची, कुठून आली, घरात तिला काय म्हणत, हे कागदावर उतरेपर्यंत ती उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. तुला हा हट्ट वाटेल. असू दे. तो कुठून आला ते सांगते.

आमचा वाडा पुण्यात नारायण पेठेत होता, तुला माहीत आहे. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पाणी चढतंय म्हटल्यावर लोकांनी पोरंबाळं, दागिने, देव उचलले. माझ्या वडिलांनी आम्हाला माडीवर पोचवलं आणि परत खाली जाऊन एक लाकडी पेटी डोक्यावर घेऊन आले. तिच्यात लाल रुमालांत बांधलेली, मोडी लिपीतली जुनी दप्तरं होती. आईचं शिवणाचं मशीन, धान्याच्या कणग्या, आमची पुस्तकं सगळं चिखलात गेलं. पेटी तेवढी कोरडी राहिली. भिंतीवरची चिखलाची रेघ आम्ही पुढे कितीतरी वर्षं पाहत होतो.

1989 साली वाडा सोडून आम्ही कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आलो. वडील तेव्हा नव्हते. आवराआवर माझ्याकडे होती, बँकेतून रजा मिळाली होती आठ दिवसांची, आणि मी तुझ्यासारखीच कामाला लागले होते. ती पेटी मी उघडली. कसर लागलेले कागद, एकालाही वाचता न येणारे. मी ते न्हाणीघराच्या बंबाशेजारी नेऊन ठेवले. आठ दिवस आमचं आंघोळीचं पाणी त्या कागदांवर तापलं. आई एकदा म्हणाली, "अगं, ते यांनी पुरातून काढलेले." मी तिला म्हटलं, "आई, वाचता तरी येतं का कुणाला?" ती काही बोलली नाही.

2012 ला निवृत्त झाले तेव्हा भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीच्या वर्गाला जायला लागले. मोडीत आधी शिरोरेघ ओळभर ओढून घेतात आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्वदीर्घ पाळत नाहीत. मला एक ओळ लावायला अर्धा तास लागायचा. एका संध्याकाळी सरावाचा कागद जेवणाच्या टेबलावर पसरून बसले होते. आई तेव्हा 84 वर्षांची. समोरून, उलट्या बाजूनं, तिनं तो कागद घडाघडा वाचला. मी बघतच राहिले. "शाळेत होती की आम्हाला मोडी," ती म्हणाली.

पेटीत काय होतं, असं मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. तिनं लग्नानंतर दुपारच्या वेळी त्यातले काही कागद वाचले होते. एक विहिरीच्या पाण्याच्या वाटणीचा होता, कोणत्या घरानं कोणत्या वारी किती पाणी ओढायचं याचा. एका विधवेनं दिरांकडे पोटगी मागितलेलं पत्र होतं. तिचं नाव आईला आठवेना. दोन दिवस ती आठवत राहिली, स्वयंपाक करताना मध्येच थांबायची. नाही आठवलं. दोन वर्षांनी आई गेली.

ते कागद आज माझ्याकडे असते, असं मी म्हणत नाही. कदाचित मंडळाला दिले असते, कदाचित कसरीनं खाल्लेच असते. त्या बाईचं नाव मात्र आईला विचारलं असतं तर 1989 मध्ये मिळालं असतं. तेव्हा ती 61 वर्षांची होती, तिला सगळं आठवत होतं, आणि मी तिला बंबात लाकडं सारायला सांगत होते.

म्हणून तुझे ते तीन ढीग आजच मोड.

आता कामाचं. फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीनं, कडेला, दाब न देता लिही. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढून उमटतो आणि शाई पाझरते. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नकोस. आधी अख्ख्या पानाचा मोबाइलवर फोटो घे, कारण कोण कोणाशेजारी लावलं होतं यातही माहिती असते. मग दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून हळू सरकव. निघाला नाही तर राहू दे तसाच. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावायची नाही. लॅमिनेशन तर अजिबात नाही, ते पुन्हा सुटत नाही. टाचण्या गंजलेल्या असतात, त्या काढ. कागद उन्हात वाळत घालू नकोस, पंख्याखाली सावलीत पसर, मग मांजरपाटाच्या धुतलेल्या कापडात बांध आणि पुरचुंडीत वेखंड ठेव. आजोबांच्या कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर ती टेपरेकॉर्डरमध्ये घालू नकोस, कॅसेट आणि यंत्र दोन्ही जातील. मोडी कागद सापडले तर माझ्याकडे आण. एकही रद्दीत गेला तर मी तुझ्याशी बोलणार नाही, हे खरंच सांगते.

भांड्यांचं तू विचारलं नाहीस, म्हणजे ती तू हिशेबात धरलीच नाहीस. तांब्यापितळेला वजनावर भाव येतो म्हणून ती सगळ्यात आधी घरातून जातात. प्रत्येक भांडं उलटं कर, काठ बघ. कुणाच्या लग्नात कुणी दिलं, कुणाच्या स्मरणार्थ, कोणती तिथी, कोणता शक, हे टाकीनं कोरलेलं असतं. आपल्याकडच्या बायकांची नावं जमिनीच्या कागदांत फार कमी सापडतात, पण हंड्यांच्या काठावर सापडतात. माहेरचं नाव आणि सासरचं नाव, दोन्ही. ते उतरवून घे, मग हंडा खुशाल तांबट आळीत ने. कोठीत पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं अशी मापं असतील. पायलीत चार शेर, शेरात चार चिपटी. आजीला विचार, तिच्या सासूबाई कामवालीला पगारात धान्य कोणत्या मापानं द्यायच्या. ते एका ओळीत लिहिलंस की ते माप जुन्या बाजारात विकलंस तरी मला चालेल.

आणि संस्थेला देऊन टाकू, असं म्हणालास, त्याबद्दल. दिनकर केळकरांनी शुक्रवार पेठेतल्या राजा केळकर संग्रहालयात काय जमवलं, तर अडकित्ते, दिवे, दौती, वज्र्या, लोकांच्या घरांतल्या रोजच्या वस्तू. त्यासाठी आयुष्यभर गावोगाव हिंडले आणि सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. मी लहान असल्यापासून तिथे जाते आहे. पण ते एक-एक वस्तू शोधत गेले. तू पोत्यात भरून नेशील तर कोणतीही संस्था तुला विचारील, हे कुणाचं, कुठलं? तेव्हा पुन्हा माझ्याच प्रश्नावर येशील.

माझ्याबद्दल तू ऐकलं असशील. कोथरूडच्या घरात दिवाणाखाली माझ्या तीन ट्रंका आहेत. मुलाचं लग्न झालं तेव्हा त्या खोलीतून ट्रंका हलवायला मी नकार दिला, आणि दोन वर्षांनी ती दोघं बाणेरला राहायला गेली. ट्रंकांमुळे गेली असं नातेवाइकांत बोललं जातं. मला ते पटत नाही. त्यांची ऑफिसं तिकडे होती. शिवाय त्या ट्रंकांतल्या एकूण एक वस्तूला मी चिठ्ठी बांधली आहे. मी गेल्यावर मुलगा एका दुपारी सगळं देऊन टाकू शकेल, त्याला कुणाला विचारायला लागणार नाही. आईनं मला पेटी दिली होती, मी मुलाला यादी देते आहे. यात माझं कुठे चुकलं, ते मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

असो. तुझे पंधरा दिवस. त्यातले पहिले आठ आजीजवळ बस. तिची सकाळची वेळ चांगली असते, दहा ते बारा, नंतर ती थकते. एका वेळी एकच वस्तू तिच्या हातात दे. "हे ठेवू की टाकू" असं विचारू नकोस, तिला वाटेल आपल्याबद्दलच विचारताहेत. "हे कुणाचं गं?" एवढंच विचार आणि मोबाइलवर आवाज टेप करत राहा. मध्येच ती भलतंच सांगायला लागेल, कुणाच्या तरी बारशाचं, कुणाच्या तरी भांडणाचं. तिला अडवू नकोस. आत्यालाही बसव शेजारी. हात लावू नको म्हणते ना, ती घाबरली आहे, दुसरं काही नाही. उरलेल्या सात दिवसांत टेम्पो बोलाव. माझी काही हरकत नाही.

चष्म्यांचं अजून सांगितलं नाही. ते अकराच्या अकरा आजोबांचेच आहेत, हे तुला कुणी सांगितलं? जाड काळ्या फ्रेमचा एक आहे म्हणालास, काडीला दोरा बांधलेला. आजोबांना मी पन्नास वर्षं ओळखत होते, त्यांच्या डोळ्यांवर तसला चष्मा मी कधी पाहिला नाही. सगळे एका ताटात ठेवून आजीसमोर ने.

मी गुरुवारी दहाला येते. पेन्सिली घेऊन येते, तू फक्त जुने लिफाफे गोळा करून ठेव.

तुझी,
मावशी