संत्र्याचा रस कडू झालाय? काकांच्या झाडाला नावं ठेवू नका

तुमचा प्रश्न वाचून हसूही आलं आणि वाईटही वाटलं. काकांनी वरूडहून दोन पेट्या पाठवल्या, निम्म्या सडल्या म्हणून घाईघाईने उरलेल्यांचा मिक्सरमध्ये रस काढून फ्रीजमध्ये ठेवला आणि सकाळी बघता तर कडूजहर! आता झाडच खराब आहे का, काकांना काय सांगू वगैरे. अहो झाड चांगलं आहे, काकाही चांगले आहेत, घोळ मिक्सरचा आहे.

माझं माहेर काटोलकडचं, मी ठाण्यात. बाबांनी आंबिया बहाराच्या (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्यातल्या) संत्र्यांची पेटी ट्रान्सपोर्टने पाठवली. ऑफिसचं नाव घेत नाही, पण तिथल्या साहेबांना बिल्टीचा, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीचा, मूळ कागदच हवा, व्हॉट्सॅपवरचा फोटो चालेना, कागद काटोलला बाबांच्या खिशात, त्यात मधे रविवार. चौथ्या दिवशी पेटी मिळाली तीही बंद गोडाऊनमध्ये उबलेली. खिळे काढून पेंढा बाजूला केला तर हिरवी भुकटी उडाली आणि नाकात तो वास. एवढं होऊन हमालीचे पैसे वेगळे घेतले, असो.

तर मी तुमच्यासारखीच घाबरले आणि सहा-सात किलो चांगली संत्री सोलून बियांसकट मिक्सरला लावली. प्यायलो तेव्हा अमृत. मग टिकावा म्हणून उरलेला रस चक्क गॅसवर गरम करून बाटल्यांत भरला, इथे मी खरी माती खाल्ली. संध्याकाळी मुलगा म्हणाला, आई हे कारल्याचं आहे का. वर किलोभर साखर ओतली, तर गोड कारलं झालं. सगळं मोरीत. तेवढ्यात बाबांचा फोन, गोड आहेत ना गं? म्हटलं हो बाबा, खूप.

नंतर कळलं ते असं की बियांमध्ये आणि पाकळ्यांच्या पांढऱ्या पडद्यात एक पदार्थ असतो, तो स्वतः कडू नसतो. पण चिरडून रसात मिसळला की रसाच्याच आंबटपणामुळे काही तासांत त्याचं लिमोनिन होतं, आणि ते कडू. गरम केलं तर अजून लवकर. म्हणून ताजा रस गोड आणि ठेवलेला कडू. नागपुरी संत्र्याला हे फार, मोसंबीलाही होतं. पूर्ण पिकलेल्या फळात कमी. मी काही फूड टेक्नॉलॉजिस्ट नाही, पण एवढं पक्कं सांगते की साखर-मीठ-चाट मसाला काहीही घाला, कडूपणा जात नाही.

माझं मत विचाराल तर संत्र्याचा रस साठवूच नये. आडवं कापून हाताच्या पिळणीवर हलकेच दाबा, सालीपर्यंत रगडू नका, गाळा आणि लगेच प्या. मिक्सरच हवा असेल तर आधी बिया काढा आणि दोनच झटके द्या. साठवायचं ते फळ साठवा. न धुता, कोरड्या फडक्याने पुसून, कागदावर एकच थर, पलंगाखाली वारा लागेल असं. देठ ओढून काढू नका, तिथूनच सडायला सुरुवात होते. बुरशी लागलेलं फळ नुसतं उचललं की भुकटी बाकीच्यांवर पडते, त्यामुळे हातात प्लास्टिकची पिशवी उलटी घालून त्यातच पकडा आणि गाठ मारून टाका. रोज बघायचं, आळस नाही. फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात कागदी पिशवीत दोनेक आठवडे माझी आरामात राहिली आहेत.

लिंबाचं मात्र वेगळं, त्याचा रस खुशाल काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, उन्हाळ्यात लिंबं महागली की आठवण काढाल माझी. फक्त स्टील किंवा काच वापरा, पितळ-अ‍ॅल्युमिनियम नको, कळकतं.

तुमच्या प्रश्नाला कुणीतरी 'चिमूटभर केएमएस टाका' असं उत्तर लिहिलंय. केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, रस टिकवायची पावडर. चिमूटभर म्हणजे किती? स्क्वॅशला किलोमागे साधारण ०.६ ग्रॅम असतं, माझ्या किचनच्या काट्यावर ते मोजताच येत नाही. त्यात सल्फाइटने दम्याच्या काही लोकांना त्रास होतो, आमच्याकडे दमा आहे, म्हणून मी वाटेला जात नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

आता जो कडू झालाय तो ओतून द्या, जीव अडकवू नका. उरलेल्यातली सालीला डाग पडलेली आज खा, टणक आहेत ती ठेवा, आणि शेजारी दोन-दोन किलो वाटा, मी तेव्हा वाटायला हवी होती. आणि काकांना एवढं सांगा की पुढच्या वेळी पेटी शुक्रवारी लावू नका आणि बिल्टी त्याच दिवशी कुरियर करा.