वॉर्डात सुचलेलं सांगायचं कुणाला?

नर्स म्हणून दोन वर्षं नोकरी झाली. काही नवं सुचवलं की सीनियर म्हणतात, "आधी काम शीक." गप्प बसू का?

गप्प बसू नका. पण "असं केलं तर?" म्हणण्याआधी डोळ्यांना दिसलेलं दाखवा. इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात 1956 मध्ये वॉर्ड आडनावाच्या एक सिस्टर अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात न्यायच्या. एकदा राउंडला त्यांनी डॉक्टरांसमोर बाळ उघडं केलं. अंग फिकट, फक्त एक त्रिकोणी तुकडा पिवळाधमक. काही औषध फासलंय, असंच डॉक्टरांना वाटलं. खरं तर चादरीचं टोक आल्यामुळे तेवढ्या जागी ऊन पोचलं नव्हतं. पुढे उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नमुन्यातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत अंग पिवळं करणारं द्रव्यही उतरलेलं निघालं आणि 1958 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात काविळीवरच्या दिव्याखालच्या उपचाराचा लेख आला. आपल्या एनआयसीयूतली, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातली फोटोथेरपी ती हीच. लेखकांत सिस्टरबाईंचं नाव नव्हतं. ते आपलं जुनंच दुखणं!

ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला द्यायची रुग्णांची माहिती, पाच मिनिटांत उरकावी लागते. त्यात शिकायचं कधी?

ओव्हर टेबलाशी न देता पलंगाशी द्या आणि शेवटी एकच वाक्य जोडा: आज वेगळं काय दिसलं. आमच्याकडे एक आजोबा रोज रात्री सलाईन उपटून काढायचे. एका सिस्टरने त्यांना पूर्ण बाहीचा सदरा घालून नळी बाहीतून मागे घेतली. आजोबा शांत झोपले. तिने ते रिपोर्ट बुकात लिहिलं नाही, म्हणून पुढच्या रात्री दुसरीने पुन्हा हात बांधले.

जखमांचे फोटो वॉर्डाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून चर्चा करावी का?

नको. युक्ती टाका, रुग्ण नको.

डिस्टिल्ड वॉटर समजून केसीएलचं (पोटॅशियम क्लोराइडचं) अँप्युल, म्हणजे इंजेक्शनची कुपी उचलली, वेळीच लक्षात आलं. रुग्णाला काही झालं नाही. तरी रिपोर्ट करू?

कराच. पातळ न करता शिरेत गेलं असतं तर हृदय थांबू शकलं असतं. अँप्युल कुठल्या ट्रेमध्ये होतं, शेजारी काय होतं, उजेड किती, तुमच्याकडे रुग्ण किती, सगळं लिहा. केसीएल वॉर्डाच्या साठ्यातून हलवून वेगळं कुलुपात ठेवायचं, हे अशाच रिपोर्टांवरून ठरतं. तुमच्या इन्चार्जबाईंनी पहिला प्रश्न "कोण होतं?" असा विचारला, तर पुढच्या वेळी त्यांना कुणी काही सांगणार नाही, हे त्यांनाही वाचायला द्या. आणि दोन्ही अँप्युल्स दिसायला सारखी होती का, तेवढं मला कळवा.