ब्लू रॅम घेण्याआधी
अरे, ब्लू रॅम मासा कितीही देखणा असला तरी नव्या टाकीत सोडू नकोस. सायकल (माशांच्या घाणीतलं विष पचवणारे जिवाणू टाकीत तयार होणं) झाल्यावरही टाकी दोन-तीन महिने मुरू दे. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला. आता दुकानात येतात ते बहुतेक पैदाशीचे, पण 27 ते 30 अंश पाणी त्यांनाही लागतंच. म्हणून सोबतीला निऑन टेट्रा माशांपेक्षा गरम पाणी मानवणारे कार्डिनल टेट्रा बरे. तळाला बारीक वाळू घाल, तोंडाने चाळत बसतो, बघायला मजा येते. घेताना दुकानदाराला समोर खायला घालायला सांग. खात नसेल तर रंगावर भुलू नकोस. पाणी बोअरचं, जड (क्षारांचं) असेल तर सरळ बोलिव्हियन रॅम घे. रंगाला फिका, पण चिवट. जोडीने चपट्या दगडावर अंडी घातली की मात्र तळाच्या कोरी माशांना लांब पळवतील, तेवढं चालायचंच.