आजोबांच्या बालकविता आणि आजोबांच्या बदल्या

प्रश्न : आमचे आजोबा मुलांसाठी कविता लिहायचे. आधी जिनिंगमध्ये दिवाणजी, मग प्राथमिक शिक्षक, निवृत्तीनंतर शेती. कवितांच्या तीन वह्या आहेत, एकीवरही तारीख नाही. पुस्तकात त्यांचा परिचय द्यायचाय, पण आत्या एक साल सांगते, काका दुसरं. सुरुवात कुठून करावी? (चोपडा)

उत्तर : सेवापुस्तकापासून. रुजू झाल्याची तारीख, बदल्या, रजा सगळं त्यात असतं. दुसरी प्रत बहुधा घरातच, पेन्शनच्या कागदांत सापडते. नाहीतर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात अर्ज करा. जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला आल्या, त्याआधीची नोकरी स्कूल बोर्डाची. त्या कागदांवर ‘पूर्व खानदेश’ (जळगाव जिल्ह्याचं जुनं नाव) दिसेल. शहाद्याकडे नोकरी झाली असेल तर जुनी कागदपत्रं धुळ्याच्या नावावर असतील, कारण नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला.

जन्मतारीख १ जून दिसली तर लगेच छापू नका. खरी तारीख माहीत नसली की शाळेत नाव घालताना गुरुजी सर्रास १ जून टाकत. तहसीलमधून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल काढून ताडून बघा.

मग एका मोठ्या कागदावर चार रकाने आखा : साल, नोकरीचं गाव, घरातल्या घटना, कविता. तिसरा रकाना मन लावून भरा. मुलांसाठी लिहिणाऱ्याचा पहिला श्रोता घरातच असतो, त्यामुळे पोरांचे जन्म, आजारपणं, लेकींची लग्नं यांचा कवितांशी थेट संबंध असतो. पहिलीचा वर्ग मिळाला त्या वर्षी अक्षरांची गाणी सापडतील. अंगाई मात्र फसवते. ती थोरल्या लेकीसाठी असेल, नाहीतर पंचवीस वर्षांनी नातवासाठी. अशा वेळी वही उलटून बघा. किंमत आण्यांत छापलेली असेल तर वही बहुधा १९५७ च्या आधीची, कारण नवे पैसे त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून आले. दौतीची शाई की बॉलपेन, हेही नोंदवा. छापून आलेल्या कवितांसाठी ‘किशोर’चे जुने अंक चाळा, मासिक १९७१ पासून निघतं आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात.

अक्षर आजोबांचंच आहे ना, तेही पाहा. पुष्कळ घरांत पक्की नक्कल बायको किंवा लेक करायची. बहिणाबाईंची गाणी सोपानदेव आणि पितांबर चौधरींनी लिहून घेतली म्हणून १९५२ मध्ये, बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर, पुस्तक होऊ शकलं. तुमच्याकडेही असं कुणी असेल तर परिचयात त्यांचं नाव आलंच पाहिजे, तळटीपेत नव्हे.

कवितेतली आखाजी आखाजीच राहू द्या. मुद्रितशोधक ती अक्षय्य तृतीया करून टाकतो आणि झोक्याच्या गाण्याची चालच मोडते. अर्थ खाली द्या.

वह्या लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. टाचण्या काढा, गंजाने कागद कुरतडला जातो. पानांचे फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता घ्या.

प्रश्न : मासिकात आलेल्या वडिलांच्या कविता पुस्तकात घ्यायला परवानगी लागते का? (अमळनेर)

उत्तर : वडिलांनी हक्क लेखी दिले नसतील तर ते सहसा वारसांकडेच असतात, मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. एकट्या भावाची सही पुरत नाही, लग्न झालेल्या बहिणींसह सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या. संपादकांना पत्र पाठवून ठेवा आणि पुस्तकात मासिकाचं नाव, महिना, साल छापा.