तू ओरडशील म्हणून

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वडील एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, गाव कराडजवळ. तू पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. त्यांनी जुनी स्कूटर विकायला काढली. फौजेत आहे असं सांगणाऱ्या एका गिऱ्हाइकानं 'ॲडव्हान्स पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका' म्हटलं आणि खात्यातून नऊ हजार गेले. तुला कळलं आठ दिवसांनी, तेही आईकडून. "तू ओरडशील म्हणून सांगितलं नाही," असं बाबा म्हणाले. आणि तू मला विचारतेस, 'या लोकांना शिकवायचं तरी कसं?'

'या लोकांना' हे आधी सोड. ज्या माणसानं आयुष्यभर गर्दीच्या गाडीत तिकिटं फाडून संध्याकाळी डेपोत पै-पैचा हिशोब जुळवून दिला, त्याला व्यवहार कळत नाही असं कसं म्हणशील?

पिन कुणाला सांगायचा नाही, हे तू त्यांना दहादा बजावलं होतंस. अगं, त्यांनी तो सांगितलाच नाही, स्वतः टाकला. तुझी सूचना त्यांनी तंतोतंत पाळली. फक्त तिच्यामागचं कारण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ते कारण त्यांच्या ओळखीच्या गोष्टीतून सांग. बँकेत पैसे काढायच्या स्लिपवर सही लागते. आपल्या खात्यात कुणी पैसे भरले तर आपली सही कुणी मागत नाही. पिन म्हणजे ती सही. शिल्लक बघायलाही पिन लागतो, तेवढं वेगळं सांग. पण पैसे येण्यासाठी तो कधीच लागत नाही. स्कॅन करणंही पैसे देण्यासाठीच असतं. हे एकदा पटलं की उद्या भामटा नवी गोष्ट रचून आला तरी बाबा स्वतःच ओळखतील.

तू लिहिलंयस की तू फोन त्यांच्या हातातून घेतेस, भराभर बोटं फिरवतेस आणि 'झालं' म्हणून परत देतेस. यातून ते काय शिकणार? फोन त्यांच्याच हातात राहू दे. अक्षरं मोठी कर, भाषा मराठी कर. मग त्यांना तुला एक रुपया पाठवू दे, चुकू दे, पुन्हा पाठवू दे. पायऱ्या त्यांना स्वतःच्या शब्दांत डायरीत लिहू दे. त्यांनी 'हिरवं बटण' लिहिलं तर तेच बरोबर, तुझा शब्द तिथे घालू नकोस.

तो ठग त्यांच्याशी 'सर, सावकाश करा' असं बोलला असणार. साताऱ्याकडे फौजेच्या नावाला मान आहे, हेही त्याला ठाऊक असणार. आणि घरात मात्र 'किती वेळा सांगायचं तुम्हाला!' ऐकू येत होतं. मला यातलं हेच सर्वात जास्त लागलं.

कारण ते आठ दिवस फार महागाचे होते. अशा वेळी 1930 या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन केला, तर पैसे पुढे काढले जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. तक्रार अजून केली नसेल तर आजच करा, दोघांनी मिळून.

रविवारी गावी जाशील तेव्हा आधी माफी माग, आईसमोर. त्यांना सांग, "बाबा, पुन्हा कधी काही झालं तर पहिला फोन मला करा, मी ऑफिसात असले तरी." आणि 1930 हा आकडा डायरीच्या पहिल्या पानावर त्यांच्याच हातानं लिहून घे.

— ताई